नाकासमोरची गुहा

३ फेब्रुवारी, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. माणूस बदलणार आहे, तर त्याची कुठेतरी नोंद हवी. दुसरं कोणी ठेवेल असं वाटत नाही.

काल मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, सत्तावीस वर्षांत तुम्ही सलग पंधरा दिवस रजा घेतलेली नाही, आता घ्याच. मी म्हटलं, मला गरज नाही. ते म्हणाले, आम्हाला आहे. किती काळजी! साबणाच्या कारखान्यात वास तपासणारा म्हणजे कंपनीचं नाक. नाकाला विश्रांती दिलीच पाहिजे. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की पॅकिंगमधल्या तिघांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिलाय. मी म्हणे त्यांच्या टेबलांवर साबणाच्या वड्या ठेवल्या. ठेवल्याच होत्या. सोबत चिठ्ठी होती: ‘काखेपासून सुरुवात करावी.’ ह्याला मार्गदर्शन म्हणतात. पण सांगतो कोणाला.

तर ह्या रजेत बौद्ध ध्यानगुहांची यात्रा करायची. नऊ दिवस. डोंगरात कोरलेल्या गुहा, शेकडो वर्षं भिक्खू तिथे ध्यानाला बसत आले. एकांत, दगड, मोकळी हवा. दगडाला वास नसतो, हा केवढा मोठा गुण आहे, ते माणसांत वावरणाऱ्यालाच कळेल.

संकल्प: नऊ दिवस कशाचीही किळस करायची नाही. कुणाविषयी तक्रार नाही. मन आरशासारखं.

दुपारी १२

बायकोला सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती ‘जा’ म्हणाली. इतका पाठिंबा मी अपेक्षिला नव्हता.

४ फेब्रुवारी

पाठिंब्याला शेपूट निघालं. सोबत तिच्या वडिलांनाही न्यायचं.

सासरेबुवा एकोणऐंशी वर्षांचे. सकाळी उठून घसा साफ करतात, ते ऐकून शेजारचं कुत्रं उठतं. दातांची कवळी स्टीलच्या पेल्यात ठेवतात, आणि तो पेला मोरीवर, माझ्या दाढीच्या ब्रशच्या शेजारी. गुडघ्यांना कसला तरी बाम चोळतात. त्यात निलगिरी आहे, ओवा आहे आणि आणखी काहीतरी आहे जे मला सत्तावीस वर्षांच्या अनुभवानेही ओळखता आलेलं नाही. पायाची नखं व्हरांड्यात कापतात. कापलेली उडतात. त्यातलं एक एकदा माझ्या वर्तमानपत्रावर आलं होतं. मी तो पेपर न वाचता टाकून दिला.

मोठ्या सरकारी दवाखान्यात ते पस्तीस वर्षं वॉर्डबॉय होते. रोग्यांची भांडी उचलणं, अंग पुसणं, चादरी बदलणं. मी बाहेर सांगताना ‘मेडिकल लाईनला होते’ असं सांगतो. खोटं नाही ते.

मी हिला म्हटलं, ग्रुप आहे, ग्रुपचा लीडर आहे, तो बघेल की बाबांना. ही म्हणाली, लीडर त्यांचा जावई नाही. ते तरुणपणी एकदा तिथे जाऊन आलेत, आता आणखी एकदा जायचं म्हणतायत, एकट्याने जमणार नाही, आणि माझी रजा शिल्लक नाही. मग नुसती बघत राहिली. ही बघत राहिली की मी मान्य करतो. ह्याला दुर्बलता म्हणता येणार नाही. वेळ वाचतो.

६ फेब्रुवारी, दुपारी ४

माझी बॅग: उशीचे अभ्रे दोन, स्वतःचं ताट, वाटी, चमचा, पेला, हात धुवायची बाटली, नाकाला बांधायचे रुमाल सहा, साबण आठ.

सासरेबुवांची बॅग: कापडी पिशवी. आत एक जोड कपडे, बाम, आणि एक टॉवेल. टॉवेल मी दुरूनच पाहिला. मूळ रंग कोणता असावा, त्यावर तर्कच करावा लागेल.

त्यांना एक साबण भेट दिला. म्हणाले, कशाला जावईबापू, माझ्याकडे आहे की. आणि कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा दाखवला. अंगालाही तोच लावतात म्हणे.

मन आरशासारखं.

७ फेब्रुवारी, बसमध्ये, सकाळी ११

बावीस यात्रेकरू. लीडर गळ्यात शिट्टी घालून आहेत. त्यांना मी शिट्टीवाले म्हणतो. दर थांब्याला ती तोंडात घालतात, मग तशीच थुंकीसकट शर्टावर सोडतात. शर्टावर त्या जागी गोल डाग आहे. बघायचं नाही म्हटलं तरी डोळे तिथेच जातात.

बसचा वास: पुढे डिझेल, मधे केसांचं तेल, मागे मोजे. मोजे आमच्याच सीटवरचे आहेत. सासरेबुवांनी बसल्या बसल्या बूट काढले. म्हणाले, पायांना जरा हवा. पायांना हवा मिळाली. आमची गेली.

घाटात मागच्या सीटवरच्या शिक्षिकाबाईंना मळमळायला लागलं. मी ताबडतोब रुमाल बांधला आणि दोन सीट पुढे सरकलो. कारण तिथे मदत करणाऱ्यांची गर्दी व्हायला नको. गर्दी झाली नाही. सासरेबुवा एकटेच उठले. एका हाताने बाईंचं कपाळ धरलं, दुसऱ्या हाताने पिशवी धरली. सगळं होईपर्यंत धरून उभे राहिले, चालत्या बसमध्ये, ह्या वयात. मग फरशी वर्तमानपत्राने पुसली. मग थोडंसं पाणी हातावर घेतलं, थोडंसंच, आणि माझ्या शेजारी बसून संत्रं सोलायला घेतलं. फोड माझ्यापुढे धरली.

मी ध्यान लावलं. ध्यान लावलेल्या माणसाला संत्रं देत नाहीत.

८ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

मुक्काम एका यात्रीनिवासात. एका खोलीत सहा जण. सहा जणांचे सहा प्रकारचे श्वास. मी सर्वांचं निरीक्षण केलं, तक्रार केली नाही. निरीक्षणाची यादी शिट्टीवाल्यांना दिली: न्हाणीघरात केस (लांब, तीन), साबणावर केस (आखूड, एक), पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला एकच ओगराळं, आणि ते प्रत्येकजण अंगठा बुडवून वापरतो. शिट्टीवाले म्हणाले, पाणी उकळलेलं आहे. मी म्हटलं, अंगठे उकळलेले नाहीत. ते हसले. हसताना दातात पालक दिसला.

नाश्त्याला पेज. वाटी माझी स्वतःची असल्यामुळे खाऊ शकलो. सासरेबुवा पेज पिताना जो आवाज काढतात, त्याला माझ्याकडे शब्द नाही. मोरीत पाणी अडून मग एकदम जातं, तसा काहीसा.

डोक्यात एक योजना आली. परत गेल्यावर कारखान्यात व्याख्यान द्यायचं: ‘ध्यान आणि गुणवत्ता’. पॅकिंगच्या तिघांना पहिल्या रांगेत बसवायचं.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी ५

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. उद्या सकाळी चढायचं. पायथ्याच्या विहारात वयस्कर भंते आहेत. ज्याला काही विचारायचं असेल त्याला दहा-दहा मिनिटं भेटतात. मला विचारायचं काही नव्हतं, पण माझी पातळी त्यांना कळावी म्हणून गेलो.

मी सांगितलं, मला लोकांच्या शरीराची फार किळस येते. भंते म्हणाले, शरीराच्या किळसवाण्या अंगांचं चिंतन ही आपल्याकडे एक साधनाच आहे. केस, नखं, दात, कातडी, कफ, घाम, एकेक घेऊन त्यावर मन लावायचं. मला भरूनच आलं. म्हटलं, भंते, हे तर मी तीस वर्षं करतोय, न शिकवता! बसमध्ये, जेवताना, ऑफिसात, लग्नकार्यांत. नखं झाली, कफ झाला, दात तर रोज सकाळी पेल्यात दिसतात.

भंते म्हणाले, कुणाच्या शरीरावर करता?

मी म्हटलं, समोर जो असेल त्याच्या.

ते म्हणाले, सुरुवात स्वतःच्या शरीरापासून करतात.

त्यांना माझा मुद्दा नीट कळला नाही. वय झालंय. शिवाय बोलताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं जमत होतं, त्यामुळे माझंही पुरतं लक्ष नव्हतं. पण निष्कर्ष स्पष्ट आहे: मी जन्मजात साधक आहे. इतके दिवस ह्या गुणाला घरात आणि ऑफिसात वेगळं नाव होतं, एवढंच.

१० फेब्रुवारी, दुपारी २, गुहेत

चारशे बारा पायऱ्या. वर गुहांची लांबच लांब रांग, सगळ्या एकाच कड्यात. रांगेच्या ह्या टोकाला आमच्या राहायच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला पाण्याचं टाकं. मुक्काम आज, उद्या आणि परवा. तेराव्या तारखेला सकाळी खाली.

चढताना सासरेबुवांचा हात माझ्या खांद्यावर. घामेजलेला. शर्टातून आत जाणवत होता. दर वीस पायऱ्यांना थांबायचं, आणि थांबलं की बोलायचं. म्हणाले, जावईबापू, हिच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. तीन वर्षांचा. मी ज्या वॉर्डात कामाला होतो त्याच वॉर्डात गेला. त्याची चादर मीच बदलली शेवटची. मग कामावर जाववेना मला. कुणीतरी सांगितलं म्हणून इथे आलो, एका गुहेत सात दिवस बसलो. काय झालं ते सांगता येत नाही, पण खाली उतरलो आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो. आता एकदा, तासभर का होईना, तिथेच जाऊन बसायचंय. मग निघायला बरं.

त्यांचा श्वास अगदी माझ्या तोंडावर येत होता, आणि बामाचा वास उन्हाने दुप्पट झाला होता. शिवाय ग्रुपमधले लोक आम्हाला ओलांडून पुढे चालले होते. चांगल्या गुहा जाणार, हे उघड होतं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही इथे सावलीत बसा, मी पुढे जाऊन जागा धरतो. दोघांसाठीच म्हणत होतो. म्हणजे म्हणायला तसंच म्हटलं.

आणि मला सर्वांत उत्तम गुहा मिळाली! रांगेच्या बाहेर, जरा वर, एकटी. गंमत म्हणजे तिच्याकडे कोणीच वळलं नव्हतं. आत गारवा. मागच्या भिंतीतून पाणी ठिबकतं आणि दगडातल्या खळग्यात साठतं. खाली टाक्यापाशी उकळलेल्या पाण्याचं पिंप आहे, पण तिथेही तेच एक ओगराळं आणि तेच बावीस अंगठे. इथे माणसाचा स्पर्श नसलेलं पाणी. माझ्या स्वतःच्या पेल्याने तीन पेले प्यालो. गार, किंचित खारट, खनिजयुक्त.

वासाबद्दल: हलका, आंबूस, कोंदट. प्राचीनतेचा असावा.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

पाच वाजत आले तेव्हा सासरेबुवा आले, शिट्टीवाल्यांचा हात धरून. गुहेच्या तोंडाशी थांबून वर बघितलं, म्हणाले, जावईबापू, छताला वटवाघळं आहेत, शंभर तरी असतील. खाली बघा, सगळा त्यांचाच कारभार आहे. ते पाणी पिऊ नका.

मी म्हटलं, बाबा, निसर्ग स्वच्छ असतो, घाण माणूस करतो. हे वाक्य मला इतकं आवडलं की व्याख्यानाची सुरुवात त्यानेच करणार.

तेवढ्यात घंटा झाली. पाचनंतर गुहा बंद. सासरेबुवांचं आज बसणं राहिलं. मी विचारलं नाही, तेच म्हणाले, उद्या बसेन, दोन दिवस आहेत की अजून.

११ फेब्रुवारी, सकाळी ६

पोटात किंचित हालचाल. शरीर शुद्ध होतंय. ध्यानाचे परिणाम इतक्या लवकर दिसतात हे ऐकून होतो.

६:४०

पुन्हा शुद्ध झालं.

७:१५

पुन्हा.

७:३५

संडास खोलीपासून चाळीस पावलांवर आहे. पस्तीस पावलं मी गेलो.

दुपारी १

ताप. अक्षर हलतंय. खोलीतले इतर चौघे आपापल्या गुहांत गेले आणि जाताना अंथरुणंही घेऊन गेले. दुसरीकडे झोपणार म्हणे. इथे मी आणि सासरेबुवा.

खोलीत भयंकर वास आहे. ताप असला तरी नाक शाबूत आहे, हे मुद्दाम नोंदवतो. आंबट, त्याखाली कुजकट, आणि एक गोडूस टोक आहे ते सर्वांत वाईट. सत्तावीस वर्षांत असा नमुना नाकाखाली आलेला नाही. पहिला संशय सासरेबुवांच्या टॉवेलवर. टॉवेल बाहेर टाकायला सांगितला. टाकला. वास कायम. दुसरा संशय मोजे. तेही बाहेर. वास कायम. मग गटार, मेलेला उंदीर, शेजारची खोली. उशीवर वही ठेवून शिट्टीवाल्यांच्या नावे अर्ज लिहिला: ‘सदर दुर्गंधीचा उगम शोधून संबंधितावर कारवाई व्हावी.’ सासरेबुवांना म्हटलं, हा देऊन या.

त्यांनी अर्ज वाचला. घडी घालून माझ्या उशाशी ठेवला. म्हणाले, जावईबापू, ते आपलंच आहे.

मी म्हटलं, आपलं म्हणजे?

म्हणाले, आपलं म्हणजे तुमचं. राहू द्या, पडून राहा. मी पाणी आणतो.

१२ फेब्रुवारी, सकाळी १०

काल दुपारनंतर लिहिता आलं नाही. जे झालं ते लिहायलाच हवं असं नाही.

थोडक्यात: उठता येत नाही. सासरेबुवा सगळं करतात. कुशीवर वळवतात, पुसतात, चादर एका बाजूने गुंडाळत काढतात आणि त्याच वेळी दुसरी घालतात. मी अंथरुणावर असतानाच. हे तंत्र कौतुकास्पद आहे, तटस्थपणे बोलायचं तर. मी डोळे गच्च मिटून घेतो. एकदा उघडले. त्यांचा चेहरा पेपर वाचताना असतो तसा होता. नाकाला काही बांधलेलं नव्हतं. मी म्हटलं, रुमाल घ्या, माझ्या बॅगेत सहा आहेत. म्हणाले, नको, माणसाला वाटतं आपण घाण झालो.

मग म्हणाले, लाजू नका. शरीर आहे, गळायचंच.

पेज भरवली. चमचा त्यांचा, हात त्यांचा. आधी ओठाला लावून गरम किती ते बघत होते. त्यांच्या ओठाला. मी खाल्ली. भूक होती म्हणून.

दुपारी ३

ताप उतरतोय. डोकं स्वच्छ झालंय आणि त्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली आहे. सासरेबुवा मधूनमधून गायब होतात. अर्धा अर्धा तास. कालही झाले. मी इथे एकटा पडलेला, घशाला कोरड, आणि हे कुठे? ह्यांची एक गुहा होती ना, तिथे. जाऊन बसत असणार, डोळे मिटून, मजेत. मला कुणाच्या आनंदाची ईर्ष्या नाही. पण आजारी माणसाला टाकून मोक्षाला जायचं, हे कुठल्या धर्मात बसतं?

शिट्टीवाले दारातूनच डोकावले (आत आले नाहीत). मी विचारलं, आमचे सासरे दिसले का? म्हणाले, हो, आत्ताच गुहांच्या बाजूने येताना बघितले. घ्या पुरावा.

संध्याकाळी ५

घंटा झाली. गुहा बंद. सासरेबुवा दारात पायरीवर बसून आहेत, हात गुडघ्यांवर, बोटं पाण्याने सुरकुतलेली. मी जरा खोचकपणे म्हटलं, झालं का समाधान? म्हणाले, ताप उतरला तुमचा, मग काय हवं आणखी.

उत्तर टाळायची ही जुनी पद्धत आहे. हिच्यातही ती तिकडूनच आली असावी.

१३ फेब्रुवारी, सकाळी ८, पायथ्याशी

मला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. चारशे बारा पायऱ्या, प्रत्येक पायरीला चौघांचा घाम. मी तक्रार केली नाही. त्यातल्या एकाने मात्र केली, तोंड फिरवून, मला ऐकू जाईल अशी.

सासरेबुवा मागून चालत, कठड्याला धरून. हातात माझी बॅग. निघताना पहिल्या वळणावर थांबले, गुहांकडे वळून हात जोडले, बराच वेळ. खुर्चीवाले थांबले म्हणून मला ऊन लागलं.

बसमध्ये मला मागची अख्खी सीट दिली. सन्मान नव्हे. शिक्षिकाबाई आपली पिशवी घेऊन पुढे जाऊन बसल्या. बसताना पदर नाकाला लावला होता. ह्या त्याच बाई, ज्यांचं सगळं सगळ्या बसने सहन केलं! माणसं किती पटकन विसरतात.

आठही साबण संपले. मी दोन वापरले होते. बाकीचे कुठे गेले ते सासरेबुवांना विचारलं. म्हणाले, तुमच्यातच गेले.

१५ फेब्रुवारी, दुपारी १२, घरी

ही दारातच उभी होती. मी म्हटलं, चार किलो उतरलो. ती माझ्या शेजारून पुढे गेली आणि बाबांच्या हातातली बॅग घेतली. त्यांचे हात उलटे करून बघितले. तळवे सोललेले आहेत, कठड्याने असतील.

कारखान्यातून फोन आला. सोमवारी रुजू व्हा, पण वास विभागात नको, स्टोअरला. खोक्यांची नोंद ठेवायची. मी विचारलं, आणि माझं व्याख्यान? मॅनेजरसाहेब म्हणाले, कसलं व्याख्यान? स्टोअरला माणसं फारशी येत नाहीत, तुम्हाला बरं पडेल, असंही म्हणाले. मला एकांत आवडतो हे त्यांनी बरोबर ओळखलं.

व्याख्यानाचा मसुदा तरी पुरा करावा म्हणून बसलो. ‘निसर्ग स्वच्छ असतो, घाण माणूस करतो’ इथपर्यंत लिहिलं. पुढे सुचेना. अशक्तपणा.

१६ फेब्रुवारी, सकाळी ९

चहाच्या वेळी हिने बाबांना विचारलं, बसलात ना हो मनासारखं?

बाबा म्हणाले, दर्शन झालं की.

ही म्हणाली, दर्शन नाही विचारलं. बसलात का?

बाबांनी चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून कपात पडलं. बोट घालून काढलं आणि खाल्लं. एरवी मी उठून गेलो असतो. पण मला मुद्दा मांडायचा होता. मी म्हटलं, न बसायला काय झालं? दोन दिवस मला एकट्याला टाकून तिकडेच तर होते, शिट्टीवाल्यांनी पाहिलंय. हसतच म्हटलं, चिडून नाही.

बाबांनी दुसरं बिस्किट घेतलं. ही माझ्याकडे बघत राहिली.

तिचं बघणं थांबावं म्हणून मी विचारलं, बाबा, कोणती हो तुमची गुहा? इतके दिवस हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

ते म्हणाले, टाक्याच्या वाटेवरची. शेवटून तिसरी, खाली वाकून आत जावं लागतं ती. अजून तशीच आहे. दिवसातून सात-आठदा समोरून गेलो असेन.

मी म्हटलं, मग आत का नाही गेलात?

म्हणाले, जाताना हातात तुमच्या चादरी असायच्या. त्या घेऊन आत जावं असं वाटेना. आणि येताना बादली भरलेली.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, चहा घ्या जावईबापू, गार होतोय.